लांबचा रस्ता आणि आमचा थांबा

हातातली कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल. नसतील आवरली तरी हरकत नाही, भाकरी थापता थापता ऐका. आम्ही नाशिक रोडहून बोलतोय. आजची गोष्ट आहे लांबच्या प्रवासाची. मोटारी नव्या होत्या तेव्हा माणसं रस्त्यानं कशी जायची, आज आपण कसं जातो, आणि या सगळ्यात बायकांच्या वाट्याला काय आलं, ते आज बघू.

हा विषय सुचला आमच्याच एका प्रवासातून. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या गटाला जागा मिळाली. आम्ही चौदाजणी, एक भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, मागं नागलीचे पापड आणि मसाल्याच्या पेट्या. आमच्यात सगळ्यात थोरल्या आक्का. वय ऐंशीच्या पुढं. आता पापड लाटणं होत नाही, पण गटाचा हिशोब तोंडपाठ. पहाटे नाशिक रोडहून निघालो, इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो आणि बोगद्यात शिरलो. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा. पाच-सहा मिनिटांत बाहेर आलो, तर कसारा मागं पडलेला. आक्का खिडकीतून मागं वळून बघत म्हणाल्या, "अगं, घाट कुठं गेला?"

आम्ही सगळ्या हसलो. पण हाच प्रश्न धरून आज मागं जाऊया.

बैलगाडीचे मुक्काम

नाशिकहून मुंबई साधारण १७० किलोमीटर. भरलेली बैलगाडी दिवसाला २५-३० किलोमीटर जाते. म्हणजे सहा-सात दिवसांचा रस्ता, त्यात कसाऱ्याचा घाट. त्याला थळ घाटही म्हणतात. घाटात बैलांना जादा जोडी लावायची, उतरताना चाकाला लाकडाचा अडसर घालायचा. गाडी हळू असल्यामुळं रस्त्यावर थांबे होते. बैलाला पाणी लागतं, म्हणून विहीर. माणसाला सावली लागते, म्हणून वड-पिंपळ. रात्री अंग टाकायला धर्मशाळा.

हे थांबे आपोआप झाले नाहीत, कुणीतरी बांधले. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे अहिल्याबाई होळकर. १७६७ ते १७९५ अशी जवळपास २८ वर्षं त्यांनी कारभार केला. देशभरातल्या तीर्थांच्या वाटांवर त्यांनी घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, त्यांचा रंगमहाल आजही उभा आहे. वाटसरूला रस्त्याबरोबर थांबाही लागतो, हे एका बाईनं ओळखलं होतं. पुढं आम्ही याच गोष्टीवर परत येणार आहोत.

नाशिक रोड कसं वसलं

मग आगगाडी आली. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. पण रूळ नाशिक गावातून गेले नाहीत, आठ-नऊ किलोमीटर लांबून गेले. त्या लांबच्या स्टेशनाभोवती जी वस्ती झाली ते आपलं नाशिक रोड. नावातच रस्ता आहे, पण गाव जन्मलं रेल्वेमुळं. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा स्टेशनापासून नाशिक गावापर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम होती. मधे सगळं रान. पंचवटीला आणि त्र्यंबकला जाणारे यात्रेकरू आगगाडीतून उतरून ट्राममध्ये बसायचे. १९३० नंतरच्या काही वर्षांत ती बंद पडली.

रेल्वेचा एक परिणाम आपण विसरतो. लांबचा प्रवास रुळांवर गेला आणि लांबचे रस्ते मागं पडले. मोटार आली तेव्हा तिच्या वाट्याला हे रस्ते आले: खडी उखडलेले, पुष्कळ नद्यांवर पूल नसलेले, पावसाळ्यात बंद पडणारे.

मोटार आली, पण कुणाची?

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्या घेणारे गोरे साहेब, बडे व्यापारी आणि राजेरजवाडे. सुझान टाटा, म्हणजे उद्योगपती जे. आर. डी. टाटांच्या आई, १९०५ साली मोटार चालवत होत्या, आणि मोटार चालवणारी देशातली पहिली बाई त्याच, असं सांगितलं जातं. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर रस्त्यावर मोटारींची चाचणी झाली. घाट चढून कोणती गाडी टिकते, याची ती परीक्षा. त्यात गाजलेली रोल्स-रॉइस गाडी पुढं ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. म्हणजे लांबचा मोटारप्रवास हा तेव्हा श्रीमंतांचा पराक्रम होता.

पराक्रम का, ते ऐका. गाडी सुरू करायची तर पुढं तोंडाशी लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवायचं. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल फिरवणाऱ्याचं मनगटच मोडायचं. १९१२ मध्ये अमेरिकेत विजेवर सुरू होणारी गाडी आली आणि तिथं बायकांना गाडी चालवणं सोपं झालं. आपल्याकडं हँडल पुढंही कितीतरी वर्षं चाललं. दिवे कार्बाइडचे. जत्रेत दुकानदार लावायचे ना, तसे. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, त्याचा गॅस व्हायचा, तो पेटवायचा. वाऱ्यानं दिवा विझला की गाडी अंधारात.

पेट्रोलचे पंप नव्हते. पेट्रोल पत्र्याच्या डब्यांत मिळायचं, तेही मोठ्या गावात. म्हणून डबे गाडीवरच बांधून न्यायचे. रस्त्यात बैलांच्या नालांचे खिळे पडलेले असत, ते टायरात घुसत. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, हातपंपानं हवा भरायची. दिवसातून दोन-चार वेळा असं झालं तरी कुणाला नवल वाटत नसे. घाटात इंजिन तापून पाणी उकळायचं. मग गाडी थांबवून जवळच्या ओढ्यातून घागर आणायची. घागर कुणाची? बहुधा पाणी भरायला आलेल्या बाईची. मोटारीच्या सुरुवातीच्या इतिहासात गावातली बाई सापडते ती अशी, कडेला उभी, डोळ्यांत धूळ आणि डोक्यावर घागर.

रस्त्याला पैसे कुणाचे?

मोटारी वाढल्या तसा खराब रस्त्यांबद्दल ओरडा वाढला. १९२७ साली सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आपले मराठी माणूस. रस्ते करायचे तर पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा, असं समितीनं सांगितलं. त्यातून १९२९ साली केंद्राचा रस्ते निधी सुरू झाला. पुढं १९४३ मध्ये नागपूरला देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा ठरला. मोठे महामार्ग, जिल्ह्याचे रस्ते, गावाचे रस्ते अशी वाटणी तेव्हाची आहे.

हे बारकाईनं का सांगतोय? कारण पेट्रोल-डिझेलवरच्या करातला वाटा आजही रस्त्यांना जातो. तुम्ही रिक्षात बसा, एसटीत बसा, नाहीतर टेम्पोनं आलेली भाजी घ्या, त्या खर्चात रस्त्याचा पैसा आहेच. म्हणजे रस्त्याकडं काही मागताना आपण उपकार मागत नसतो.

सर्व्हिस मोटार ते एसटी

गरिबाला मोटार भेटली ती सर्व्हिस मोटार म्हणून. खासगी मालकाच्या गाड्या. भरल्याशिवाय सुटायच्या नाहीत, आणि भरली म्हणजे टपावर आणि पायरीवरही माणसं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा कोळशावरच्या गाड्या निघाल्या. मागं टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. आक्कांच्या आई अशा गाडीतून गेल्या होत्या. त्या सांगायच्या, चढ आला की गडी उतरून गाडी ढकलायचे आणि बायका लेकरं घेऊन मागून चालायच्या. "पैसे गाडीचे दिले आणि चाललो पायी," असं त्या म्हणायच्या.

मग १ जून १९४८ ला एसटी सुरू झाली. पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, ज्याला आता आपण अहिल्यानगर म्हणतो. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बांधणीची, तीस बाकांची बेडफर्ड. वाटेत गावोगाव लोक गाडी बघायला उभे होते, सुवासिनींनी गाडीची पूजा केली. नगरमध्ये मात्र खासगी गाडीवाल्यांचा राग होता, म्हणून तिथं गाडीला पोलिसांची सोबत द्यावी लागली.

एसटीनं तीन गोष्टी आणल्या: ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं आणि हातात छापील तिकीट. आज यात काय मोठं, असं वाटेल. पण मैत्रिणींनो, त्याआधी बाईचा लांबचा प्रवास कसा व्हायचा ते आठवा. माहेरी जायचं तर मुराळी यायला हवा. भाऊ नाहीतर चुलतभाऊ गाडी घेऊन येणार, सासूबाई हो म्हणणार, मग निघणार. भावाला शेतातून सवड नसली की सण सरून जायचा आणि लेक वाटेकडं डोळे लावून बसायची.

आक्कांचं माहेर संगमनेरकडचं. लग्नानंतर चार वर्षांनी एकदा वडील आजारी असल्याचा निरोप आला. भाऊ दवाखान्यात, न्यायला कुणी नाही. आक्का सांगतात, "सासऱ्यांनी मला सिन्नरच्या स्टँडवर सोडलं आणि कंडक्टरला सांगितलं, पोरीला संगमनेरला उतरवा. ते तिकीट मी मुठीत असं धरलं होतं, की उतरेपर्यंत घामानं भिजून गेलं. पण वडलांची भेट झाली." भेटीनंतर दोन दिवसांनी वडील गेले.

त्या दिवशी मुराळी होता एक कागदाचा तुकडा. एसटीनं आपल्या आईला आणि आजीला काय दिलं, हे आम्हाला आक्कांच्या या गोष्टीतून कळलं. पुढं याच गाड्यांतून मुली हायस्कूलला गेल्या, नर्सिंगला गेल्या, बाजार करून आल्या. आणि १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. म्हणून आक्का म्हणतात, "माझं तिकीट आता सरकार काढतंय, मी का घरी बसू?" त्याच २०२३ साली एसटीच्या चालकाच्या जागेवरही बाई दिसू लागली. आपल्या सिन्नर-नाशिक मार्गावर आम्ही ती पाहिली.

आज वेग आला, थांबा गेला

आता आजचा रस्ता. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत, दहा जिल्ह्यांतून जाणारा. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि इगतपुरीपासूनचा शेवटचा, बोगद्याचा टप्पा ५ जून २०२५ ला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा. हँडल मारायला नको, डबे बांधायला नकोत, वाट विचारायला नको, मोबाइल सांगतो. आमच्या पणजीला जे अंतर आठवडाभराचं होतं ते आम्ही एका सकाळीत कापलं.

पण त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली.

बोगद्याच्या आधी चालकानं एका हॉटेलवर गाडी थांबवली. नाव घेत नाही. पुढं भज्यांचे ताटच्या ताट, मागं स्वच्छतागृह. एकाला कुलूप, दुसऱ्याला कडी नाही, आत पाणी नाही. दारापाशी पुरुष उभे. आम्ही दोघींनी पदर धरून आडोसा केला तेव्हा तिघीजणी जाऊन आल्या. आक्का म्हणाल्या, "मला नाही जायचं." त्यांना साखरेचा त्रास. नंतर कळलं की लघवीला जावं लागू नये म्हणून त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणीच प्यायलं नव्हतं. मुंबईत पोचलो आणि संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला. प्रदर्शनाचे पहिले दोन दिवस आमच्यातली एकजण त्यांच्या उशाशी बसून होती.

आम्ही रात्री बसून विचार केला तेव्हा कळलं, पाणी न पिणं ही युक्ती आम्ही सगळ्याच करतो. आईनं शिकवली, आम्ही लेकींना शिकवतो. बैलगाडीच्या प्रवासात बाई झाडाआड जाऊ शकत होती, गाडी थांबायची, रस्ता मोकळा असायचा. आता दोन्ही बाजूंना कठडा, मागून गाड्यांचा लोंढा. वेग वाढला की थांबे कमी होतात, आणि जे उरतात ते चांगले नसतील तर वेगाची किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते. मुंबईत बायकांनी २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी केली ती शहरातल्या मुतारीसाठी. आता महामार्गावर तोच प्रश्न आहे.

वेगाची दुसरीही किंमत आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. जुन्या मोटारी रस्त्यात बंद पडायच्या, माणसं ताटकळायची. आजच्या गाड्या बंद पडत नाहीत, पण काही चुकलं तर सावरायला क्षणही मिळत नाही.

म्हणून आम्ही काय ठरवलं

परत येताना आम्ही निघायच्या आधीच चालकदादांना सांगितलं: दर दोन तासांनी थांबा हवा, आणि तो आम्ही म्हणू तिथं. ते म्हणाले, "ताई, आधी सांगितलं असतं तर जाताना पण थांबलो असतो." खरं आहे. आम्ही कुणी तोंड उघडलं नव्हतं.

तुम्हीही गटाची सहल, देवदर्शन, प्रदर्शन ठरवाल तेव्हा एवढं करा. भाडं ठरवतानाच थांबे ठरवा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा ही सोय ठेवणं पंपवाल्याचं काम आहे. तेल भरायचं नसलं तरी विचारा. कुलूप असेल तर किल्ली मागा. पंपावर तक्रारवही असते, तिच्यात लिहा. गाडीत बसल्यावर संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठं आहे आणि काच फोडायची हातोडी आहे का, ते बघून घ्या. पट्टा लावा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, कुठंही संकट आलं तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि पाणी प्या. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी सोडायची युक्ती आपल्या पिढीबरोबर संपू दे.

एक गोष्ट मात्र एकटीनं होणार नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ आहे. लाखो माणसं येतील, त्यात बायका निम्म्या तरी असतील. रस्ते रुंद करायची कामं निघालीत. आमच्या गटानं ग्रामसभेत अर्ज दिलाय, की आमच्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर बायकांसाठी पाणी, दिवा आणि आतून कडी असलेलं स्वच्छतागृह हवं, आणि ते चालवायचं काम गावातल्या बचत गटाला द्यावं. ते काम जमतं आपल्याला. अहिल्याबाईंनी विहिरी बांधल्या तेव्हा त्यांच्या हातात राज्य होतं. आपल्या हातात ग्रामसभेचं मत आहे, तेवढ्यावर सुरुवात करू.

आक्का आता बऱ्या आहेत. कालच म्हणत होत्या, पुढच्या वेळी घाटानं न्या मला, बोगद्यात काही दिसत नाही. आम्ही म्हटलं, नेऊ, पण एका अटीवर, पाण्याची बाटली तुमच्या हातात असेल.

तुमच्या घरातल्या थोरल्या बाईला आज विचारा, तुम्ही पहिल्यांदा एकट्यानं एसटीत कधी बसलात, आणि कशासाठी? उत्तर आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचू. तोपर्यंत नमस्कार.